लाईन गेल्यावर फोन कसा करावा: खेड्यातल्या वीजग्राहकांसाठी

माघ महिन्याची थंडी होती, रात्रीच्या पाळीची लाईन होती आणि आमच्या शिवारातले पंधरा-वीस शेतकरी गव्हाला पाणी देण्यासाठी वावरात होते. गहू ओंबीवर आलेला होता. अकराच्या सुमारास डीपीवर, म्हणजे शिवारातल्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर), मोठा आवाज झाला, ठिणग्या पडल्या आणि सगळे पंप एकदम बंद पडले. जो तो आपापल्या धुऱ्यावरून (बांधावरून) बॅटरीचा उजेड डीपीकडे टाकून पाहू लागला. कोणीतरी म्हणाले, "सकाळी लाईनमनभाऊले सांगू," आणि आम्ही घरी गेलो. सकाळी प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने सांगितले असेल. दुसरी रात्रही तशीच गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी टोल फ्री क्रमांकावर फोन केला, तेव्हा पलीकडच्या ताईंनी संगणकावर पाहून सांगितले की त्या भागातून एकही तक्रार नोंदलेली नाही. आम्ही दोन रात्री पिकाकडे पाहत बसलो होतो आणि नोंदीनुसार आमच्या शिवारात वीज सुरळीत चालू होती.

तेव्हापासून गावातल्या अनेकांना मी फोन लावून देतो, आणि त्या अनुभवातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. तक्रार क्रमांक हाती येईपर्यंत तक्रार झालीच नाही, असे समजावे. चौकात लाईनमनला सांगितले, सरपंचांच्या कानावर घातले किंवा गावच्या व्हॉट्सॲप गटात लिहिले, यातले काहीही नोंद ठरत नाही. फोन नीट केला तर ती नोंद पाच-दहा मिनिटांत होते. तो नीट कसा करावा, ते पुढे सविस्तर लिहितो.

फोन उचलण्यापूर्वी

विदर्भाच्या खेड्यापाड्यांत वीज पुरवते ती महावितरण. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन ही कंपनी झाली, तरी लोकांच्या तोंडी अजून "एमएसईबी"च आहे. आपण टोल फ्री क्रमांकावर जो फोन करतो तो गावच्या वीज कार्यालयात वाजत नाही. तो मध्यवर्ती ग्राहक सेवा केंद्रात जातो आणि तिथे राज्यभरातून फोन येत असतात. फोन घेणाऱ्याला आपले गाव, आपली डीपी किंवा आपला लाईनमन ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्यासमोर संगणकाचा पडदा असतो आणि त्या पडद्यावर आपण कोण हे दिसण्यासाठी त्याला एकच किल्ली लागते, ती म्हणजे आपला बारा अंकी ग्राहक क्रमांक.

हा क्रमांक वीजबिलाच्या वरच्या भागात छापलेला असतो. त्याच्या जवळच चार अंकी बिलिंग युनिट क्रमांक असतो, त्यावरून आपले बिल कोणत्या उपविभागाचे आहे ते कळते. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, आणि ते कपाटातल्या फाइलमध्ये ठेवू नयेत. मीटरच्या बोर्डाशेजारी भिंतीवर रंगाने लिहिलेले सर्वांत चांगले. रात्री लाईन गेली म्हणजे घरात अंधार असतो, मोबाइलमध्ये चार्जिंग थोडे उरलेले असते आणि जुने बिल कुठे ठेवले ते कोणालाही आठवत नाही. मीटर मात्र कुठे आहे हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असते.

शेतपंपाच्या बाबतीत एक अडचण अलीकडे मुद्दाम लक्षात घ्यावी लागते. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांना वीजबिल भरावे लागत नाही. बिल भरायचे नाही म्हणून ते जपून ठेवण्याची सवयही गेली, आणि त्याबरोबर ग्राहक क्रमांकही हरवला. कित्येक शेतकऱ्यांना घरच्या मीटरचा क्रमांक पाठ असतो, पण विहिरीवरच्या जोडणीचा क्रमांक विचारला की ते थांबतात. घराचा आणि पंपाचा ग्राहक क्रमांक वेगळा असतो, त्यांची डीपी वेगळी असते आणि पुष्कळदा फीडर, म्हणजे वीज उपकेंद्रातून येणारी मुख्य लाईन, तोही वेगळा असतो. पंपाची तक्रार घरच्या क्रमांकावर नोंदवली तर कर्मचारी गावठाणातली लाईन तपासतो, ती चालू दिसते, आणि तक्रार बंद होते. म्हणून पंपाचा क्रमांक स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. जोडणी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर ते नाव बिलावर जसे छापले आहे तसेच सोबत लिहावे, कारण पलीकडून नाव विचारले जाते आणि आपण स्वतःचे सांगितले तर मेळ बसत नाही.

आणखी एक काम आधीच उरकून ठेवण्यासारखे आहे. आपला मोबाइल क्रमांक ग्राहक क्रमांकाशी जोडून घ्यावा. तो जोडलेला असला की फोन केल्यावर माहिती लवकर सापडते, तक्रार नोंदल्याचा संदेश येतो आणि देखभालीसाठी वीज बंद राहणार असेल तर त्याचीही सूचना मिळते. मुलगा पुण्याला गेला आणि जोडलेला क्रमांक त्याचाच राहिला, तर हे सगळे संदेश पुण्यात वाजतात. क्रमांक बदलून घेण्याची विनंती टोल फ्री क्रमांकावरच करता येते.

बिघाड कुठे आहे ते पाहणे

फोन करण्याआधी दोन मिनिटे बाहेर येऊन पाहावे. शेजाऱ्याकडे लाईन आहे का? रस्त्यावरचे दिवे चालू आहेत का? फक्त आपल्याच घरात अंधार असेल तर आधी आपल्या बोर्डावरचा एमसीबी (आपोआप पडणारा खटका) किंवा कटआउट (फ्यूजची बैठक) पाहावा. मीटरनंतरच्या घरातल्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते, त्यासाठी परवानाधारक वायरमन बोलवावा लागतो. आपल्या मीटरचा पडदाही बंद असेल तर बिघाड मीटरच्या आधी, म्हणजे खांबावर किंवा खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या सर्व्हिस वायरमध्ये आहे, असे समजून फोन करावा. संपूर्ण आळी अंधारात असेल तर डीपीचा फ्यूज गेलेला असण्याचा संभव आहे. पूर्ण गाव आणि शेजारची दोन गावेही अंधारात असतील तर बिघाड अकरा केव्हीच्या फीडरवर किंवा उपकेंद्रात असू शकतो, आणि तशा वेळी त्याची माहिती केंद्राला बहुधा आधीच झालेली असते.

इतके सांगता आले तर दुरुस्तीला येणारा माणूस योग्य सामान घेऊन निघतो. पंपाची वीज तीन तारांतून येते, त्यांतल्या एकेकीला फेज म्हणतात. पंपाच्या बाबतीत "लाईन नाही" आणि "एक फेज नाही" यांत फार मोठा फरक आहे. एक फेज गेलेला असताना मोटार चालवली की ती जळते, आणि ती भरून आणण्यात जो खर्च होतो आणि जे दिवस जातात ते ऐन ओलिताच्या हंगामात परवडणारे नसतात. स्टार्टरवरचे तिन्ही दिवे लागलेले आहेत का ते पाहावे. एक विझलेला किंवा मंद असेल तर पंप बंद करून फोनवर नेमके तेच सांगावे.

एका लक्षणाकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. घरातले बल्ब अचानक प्रखर होणे, पंखा नेहमीपेक्षा वेगाने फिरणे, किंवा एका घरात उजेड फार आणि शेजारी फार मंद असणे, ही न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाणारी तार, तुटल्याची खूण असू शकते. अशा वेळी घरात २३० व्होल्टच्या जागी पुष्कळ अधिक दाब येतो. टीव्ही, फ्रीज, कूलर यांतले काहीही क्षणात जळू शकते. आधी मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांनाही ओरडून सांगावे आणि मग फोन लावावा.

कोणत्या क्रमांकावर

महावितरणचे चोवीस तास चालू असलेले टोल फ्री क्रमांक असे आहेत: १९१२, १९१२०, १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. यांपैकी १९१२ सर्वांत लक्षात राहणारा आहे. तो लागत नसेल तर पुन्हा पुन्हा तोच फिरवत न बसता बाकीचे लावून पाहावेत. पैसे लागत नाहीत. असे चोवीस तासांचे टोल फ्री केंद्र चालवणे ही वितरण कंपन्यांची मर्जी राहिलेली नाही, कारण केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिसूचित केलेल्या वीजग्राहक हक्क नियमांत ती बाब बंधनकारक केली आहे.

संपर्क तुटक असेल, आवाज नीट जात नसेल, किंवा बोलण्याइतके चार्जिंग उरले नसेल, तर आणखी दोन मार्ग आहेत. जोडलेल्या मोबाइलवरून ०२२-५०८९७१०० या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की वीज गेल्याची तक्रार नोंदते. किंवा ९९३०३९९३०३ या क्रमांकावर एसएमएस पाठवता येतो. त्यात इंग्रजी मोठ्या अक्षरांत "नोपॉवर" हा शब्द जोडून लिहायचा, एक जागा सोडायची आणि बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकायचा. हे दोन्ही मार्ग फक्त "वीज नाही" एवढेच सांगू शकतात. तार तुटली, खांब वाकला, डीपीतून तेल गळते आहे किंवा एक फेज नाही, हे सांगायचे असेल तर माणसाशीच बोलावे लागते.

प्रत्यक्ष बोलणे

फोन लागल्यावर आधी ध्वनिमुद्रित आवाज भाषा निवडायला सांगतो. मराठी निवडावी. त्यानंतर तक्रारीचा प्रकार विचारला जातो. घाईत कोणतेही बटण दाबू नये, कारण बिलाच्या विभागात गेलो तर तिथून पुन्हा फिरून यावे लागते. वादळ होऊन गेल्यावर पहिल्या तासाभरात सगळेच फोन करतात, त्यामुळे थांबावे लागते. फोन स्पीकरवर ठेवून, हातात वही आणि पेन घेऊन बसावे.

आता दोन तऱ्हेची बोलणी समोरासमोर ठेवतो. आमच्या गावात बहुतेक जण असे सांगतात: "मॅडम, आमच्याइकडं कालपासून लाईन नाही, लवकर पाठवा कोणाले तरी." यात राग आहे, अडचण आहे, पण पलीकडच्या माणसाला टंकित करण्यासारखे काहीही नाही. त्याऐवजी असे सांगावे:

"नमस्कार. वीज गेल्याची तक्रार नोंदवायची आहे. ग्राहक क्रमांक सांगतो, लिहून घ्या." मग बारा अंक चार-चार करून, मध्ये थोडे थांबून वाचावेत, आणि ते परत वाचून दाखवण्यास सांगावे. "ही शेतपंपाची जोडणी आहे. काल रात्री अकराला डीपीवर आवाज झाला, तेव्हापासून तिन्ही फेज नाहीत. या डीपीवरचे सगळे पंप बंद आहेत. डीपी नाल्याच्या पुलाजवळ, पांदण रस्त्याच्या डाव्या हाताला आहे. तुटलेली तार कुठे दिसत नाही. माझा मोबाइल क्रमांक हाच आहे."

या बोलण्यात कोण, कुठे, केव्हापासून, किती जणांचे आणि धोका आहे की नाही, हे पाचही मुद्दे आले आणि अर्धा मिनिटही लागला नाही. सर्वांत जास्त चूक "कुठे" यात होते. आपल्याकडे वडगाव, बोरगाव, पिंपळगाव ही नावे जवळजवळ प्रत्येक तालुक्यात सापडतात, आणि एकाच तालुक्यात दोन-दोन असतात. म्हणून गावाबरोबर तालुका आणि जिल्हा सांगावाच, आणि गावाच्या नावापुढे खुर्द किंवा बुद्रुक असेल तर तेही वगळू नये. डीपीच्या खांबावर किंवा पेटीवर क्रमांक रंगवलेला असेल तर तो दिवसा पाहून वहीत उतरवून ठेवावा. रात्रीच्या तक्रारीत त्यासारखी दुसरी खूण नाही.

पलीकडे बोलणारा माणूस पगारावर काम करणारा, दिवसभर शेकडो जणांचे रागाचे बोलणे ऐकणारा असतो. लाईन त्याने घालवलेली नसते. त्याला "ताई", "दादा" म्हणून आदराने बोलावे, यात आपले काही जात नाही, आणि शांतपणे बोललेल्या माणसाची तक्रार अधिक नीट लिहिली जाते, हे मी वारंवार पाहिले आहे. शांत बोलणे म्हणजे मागणी सोडणे नव्हे. फोन ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: तक्रार क्रमांक, दुरुस्ती अंदाजे केव्हापर्यंत होईल, आणि तक्रार कोणत्या कार्यालयाकडे पाठवली. तक्रार क्रमांक संदेशाने येईल असे सांगितले तरीही तो तोंडी विचारून वहीत लिहावा. दिनांक, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव त्याच ओळीत लिहावे.

डीपी गेली असेल तर एकाने फोन केला म्हणून बाकीच्यांनी थांबू नये. प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक निराळा आहे, आणि एका डीपीवरून पाच-सात नोंदी झाल्या की बिघाड एका घरापुरता नाही हे संगणकावरच स्पष्ट दिसते. आमच्याकडे आता तसे ठरवून घेतले आहे. पाच जणांनी आपापल्या क्रमांकावरून नोंद करायची आणि तक्रार क्रमांक एकाकडे आणून द्यायचे.

तार तुटून पडली असेल तेव्हा

इथे क्रम उलटा होतो. आधी माणसे आणि जनावरे दूर, मग फोन.

मृगाच्या पहिल्या वादळात बाभळीची फांदी तारेवर पडते, तार तुटून धुऱ्यावर किंवा पाण्याच्या डबक्यात पडते, आणि सकाळी बैल घेऊन निघालेल्या माणसाला ती गवतात दिसत नाही. लाईन गेलेली आहे म्हणून तार मेलेली आहे, असे कधीही गृहीत धरू नये. उपकेंद्रातून लाईन केव्हाही परत सुरू केली जाऊ शकते, आणि ओल्या जमिनीतून करंट काही अंतरापर्यंत पसरतो. तारेपासून किमान तीस फूट दूर राहावे, दोन्ही बाजूंना माणसे उभी करून रस्ता अडवावा, आणि काठीने तार बाजूला करण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. ओली काठी वीज वाहून नेते. तारेला चिकटलेल्या जनावराला सोडवायला धावलेला मालकही त्यात सापडतो.

फोनवर पहिलेच वाक्य असावे: "तार तुटून पडली आहे, जीवाला धोका आहे, आधी लाईन बंद करा." ग्राहक क्रमांक त्यानंतर. हा एकच प्रसंग असा आहे की जिथे टोल फ्रीबरोबर जवळच्या उपकेंद्रालाही त्याच क्षणी फोन गेला पाहिजे, कारण फीडर बंद करणारा ऑपरेटर तिथे बसलेला असतो. उपकेंद्राचा आणि शाखा कार्यालयाच्या कनिष्ठ अभियंत्यांचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घेण्याचा आग्रह ग्रामसभेत धरावा. शॉक लागून कोणी पडले असेल तर १०८ वर रुग्णवाहिकेसाठी दुसऱ्याने फोन करावा.

आणि कोणालाही डीपीवर चढू देऊ नये. प्रत्येक गावात एखादा धीट मुलगा असतो, तो लाकडी काठीने डीओ, म्हणजे डीपीच्या खांबावरचा फ्यूजचा खटका, टाकतो, फ्यूजच्या जागी तारेचा जाड तुकडा बसवतो, आणि लोक त्याचे कौतुक करतात. परवाना नसलेल्या माणसाला हे काम सांगणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात उभे करणे आहे. गव्हाचे एक पाणी चुकले तर नुकसान होते. ते नुकसान मी स्वतः सोसले आहे. तरीही मी कोणाच्या मुलाला खांबावर चढ असे म्हणणार नाही.

नोंद झाल्यानंतर

वाट पाहण्याची मुदत कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार सेवेची मानके ठरवण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाला आहे, आणि महाराष्ट्राच्या आयोगाने २०२१ च्या विनियमांत फ्यूज जाणे, लाईन तुटणे, रोहित्र बिघडणे अशा प्रत्येक प्रकारासाठी शहरी आणि ग्रामीण भागांत वेगवेगळी मुदत घालून दिली आहे. ती मुदत पाळली नाही तर ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. पण ती मागायची तर तक्रार केव्हा पोहोचली हे दाखवता आले पाहिजे. आमच्या त्या दोन रात्रींना असा कोणताच प्रारंभ नव्हता.

सांगितलेली वेळ उलटून गेली की पुन्हा फोन करावा, पण नवी तक्रार नोंदवू नये. "या क्रमांकाच्या तक्रारीची स्थिती काय आहे?" असे विचारावे. नवी नोंद केली की जुनी मागे पडते आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाण्याचा धोका असतो. काम न होताच "तक्रारीचे निराकरण झाले" असा संदेश आला, तर त्याच दिवशी फोन करून निराकरण झालेले नाही हे नोंदवावे आणि संदेश पुसून टाकू नये. लाईन आल्यावरही तिन्ही फेज तपासूनच "झाले" म्हणावे.

जनमित्र, म्हणजे आपला लाईनमन, बहुधा एकटा कित्येक गावे सांभाळतो. पावसात, रात्री, चिखलातून मोटारसायकल ढकलत तो येतो. त्याला पाणी द्यावे, उजेड धरावा. मात्र त्याच्यासाठी किंवा डीपीच्या वाहतुकीसाठी घरटी वर्गणी काढू नये. रोहित्र ही कंपनीची मालमत्ता आहे, ते उतरवणे, नेणे आणि बदलणे ही कंपनीची जबाबदारी आहे. कोणी पैसे मागितले तर तेही टोल फ्रीवर नोंदवता येते.

एक काम मात्र शेतकऱ्यांनी करायचे आहे. लाईन परत येण्याच्या वेळी सगळ्यांचे ऑटो स्विच लावलेले असले, तर एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि नुकताच बसवलेला फ्यूज पुन्हा उडतो. ऑटो स्विच काढून ठेवून पंप एकामागून एक सुरू करावेत.

बिलाविषयी फोन असेल तर

हा फोन रात्री करण्याची गरज नसते. दुपारी सावकाश करावा. फोन करण्याआधी मीटरवरचे आजचे रीडिंग पाहून त्याचा फोटो काढावा आणि बिलावरच्या चालू रीडिंगशी ताडून पाहावा. दोन्ही आकड्यांचा मेळ बसत नसेल किंवा बिलावरचा मीटरच दुसऱ्याचा असेल तर तेवढेच कारण तक्रारीला पुरेसे आहे. रीडिंग न घेता सरासरीने बिल आले असेल तर बिलावर तसा शेरा दिसतो. घरगुती वीजदर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटच्या टप्प्यांनी वाढत जातो, म्हणून तीन महिन्यांचा वापर एका महिन्यात दाखवला गेला तर रक्कम तिपटीहूनही जास्त होते. अशा वेळी "युनिट महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करून द्यावे" असे नेमके शब्द वापरावेत. "बिल जास्त आले" एवढे म्हटले तर उत्तर "वापर जास्त असेल" एवढेच येते.

थकबाकीसाठी जोडणी तोडण्यापूर्वी कलम ५६ प्रमाणे किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रकमेबद्दलच वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची मासिक सरासरी धरून येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती हरकत नोंदवून भरता येते, आणि तशी भरली असता वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे, आणि पुष्कळ गरीब घरे केवळ भीतीपोटी चुकीचे बिल भरतात.

याच भीतीवर फसवणूक करणारे जगतात. "मागील महिन्याचे बिल अपडेट झालेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या क्रमांकावर फोन करा," असा संदेश एखाद्या साध्या मोबाइल क्रमांकावरून येतो. फोन केला की ते ॲप टाकायला सांगतात, आणि ॲपमधून आपल्या मोबाइलचा पडदाच त्यांना दिसू लागतो. असा संदेश आला तर त्यातल्या क्रमांकावर कधीही फोन करू नये. ग्राहक सेवेचा क्रमांक गुगलवरही शोधू नये, कारण तिथे खोटे क्रमांक टाकलेले असतात. तो बिलावर छापलेला आहे, तिथूनच घ्यावा. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. पैसे गेलेच असतील तर तासाभराच्या आत १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे, कारण पुढच्या खात्यात रक्कम थांबवण्याची संधी सुरुवातीलाच असते.

फोनने भागले नाही तर

दोन-तीन फोन करूनही काम झाले नाही, तर उपविभागीय कार्यालयात उपकार्यकारी अभियंत्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्यावी. तिथेही दाद लागली नाही तर वीज कायद्याने प्रत्येक वितरण कंपनीला स्थापन करायला लावलेला ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जावे लागते. वकील लावावा लागत नाही. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे जाता येते, आणि विदर्भातल्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कारण लोकपालांचे कार्यालय नागपूरलाही आहे.

मंचाकडे अर्ज करताना बिलाची प्रत, लेखी अर्जाची शिक्का घेतलेली प्रत आणि मोबाइलवर आलेल्या संदेशांची छायाचित्रे लागतात. त्यांच्यासोबत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडावी, ज्यावर प्रत्येक फोनचा दिनांक, वेळ, बोलणाऱ्याचे नाव आणि तक्रार क्रमांक त्याच दिवशी लिहिलेला आहे.